गडावरचे टोपीकर

साठीकडे झुकलेल्या माणसानं खेळण्यांच्या दुकानात एकट्यानं शिरू नये. बरोबर एखादं पोर असावं. घरात नसेल तर शेजाऱ्यांचं मागून न्यावं. कारण दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वर्षांचा आहे?" त्यावर "अठ्ठावन्न" म्हटलं, की तो आधी हसतो. मग आपण हसत नाही हे पाहून गंभीर होतो आणि "ए, साहेबांना काय पाहिजे बघ रे" म्हणून आपल्याला पोऱ्याच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. पोऱ्या हुशार असतो. तो सेलवर चालणारा, लाल दिवा मिचकावत, पोटावर रांगत गोळ्या झाडणारा कमांडो फरशीवर सोडतो. कमांडो सरळ जाऊन भिंतीला धडकतो आणि तिथंच पाय झाडत राहतो.

"असला नको. साधा. प्लास्टिकचा. दोन इंची. न हलणारा."

"न हलणारा?"

"हो. पायाखाली चपटी पट्टी असते, तिच्यावर उभा राहतो. हातात बंदूक. तोंड फारसं नसतं."

"तोंड नसतं?"

इथं संभाषण संपतं. पोऱ्या कमांडो उचलतो, त्याचं बटण बंद करतो आणि मालकाकडे बघतो. मालक माझ्याकडे बघतो. मी छताला टांगलेल्या फुग्यांकडे बघतो.

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातले शिपाई मांडून घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे त्यात रीतसर नियम आहेत. हा खेळ कोणासाठी, तर बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. त्या हिशेबानं माझ्या हातात अजून बराच काळ आहे. पण हे आपल्याकडच्या दुकानदाराला सांगणार कोण?

मला हवे आहेत ते दिवाळीच्या किल्ल्यावरचे शिपाई. १९७० च्या दशकातले, आमच्या साताऱ्याच्या घरचे. साताऱ्यात मुलांनी किल्ला करायचा म्हणजे जरा धाडसाचंच काम. मान वर केली की समोर खराखुरा अजिंक्यतारा. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा आमच्या किल्ल्याकडे आणि एकदा वर बघायचा आणि "बुरूज जरा बुटका झालाय" असं सांगून जायचा. पुण्यातल्या मुलांना ही कटकट नव्हती. त्यांनी सिंहगड म्हणून काहीही दाखवावं. तो बघायला बसनं जावं लागे.

आमचा किल्ला खरं तर कुठलाच एक नव्हता. महादरवाजा रायगडाचा, खंदक कुठला तरी भुईकोटाचा, आणि खाली समुद्र, कारण एक होडी होती आणि ती ठेवायला जागा हवी. विटा आणि दगडांच्या राशीवर चिखलात बुचकळलेलं गोणपाट टाकायचं, वर माती लिंपायची, करवंटी उपडी घालून गुहा करायची. अळीव पेरले की चौथ्या-पाचव्या दिवशी गडावर जंगल. गुहेत वाघ. तो शिपायांपेक्षा लहान आणि गाईपेक्षा मोठा. सिंहासनावर महाराज, आणि महाराजांच्या आकाराच्या मानानं महादरवाजा एवढासा, की एकदा आत गेले ते बाहेर कसे येणार, ही शंका फक्त आमच्या वडिलांनी काढली होती.

मावळे मातीचे असत, कुंभाराकडून आणलेले. अंगरखा पांढरा, पगडी लाल, मिशी काळ्या रंगाच्या एका फटकाऱ्यात काढलेली. देखणे होते, पण नाजूक. भाला आधी जायचा, मग हात, मग मान. तुळशीच्या लग्नापर्यंत निम्मी फौज जायबंदी. मोती चौकात दिवाळीच्या आधी रस्त्यावर दुकानं मांडली जात. त्यांतल्या एकाकडे एका वर्षी प्लास्टिकचे शिपाई आले आणि आमच्या लष्करी धोरणात मोठा बदल झाला. चार आण्यांत मूठभर मिळत. आपटले तरी मोडत नसत. बाकी त्यांच्यात स्वराज्याचं असं काही नव्हतं. डोक्यावर वाडग्यासारखा लोखंडी टोप, अंगात पँट, पायांत बूट, हातात रायफल.

आजीला ते अजिबात पटलं नाही. "महाराजांच्या गडावर हे टोपीवाले कशाला रे?" म्हणाली. आजीनं 'आज्ञापत्र' वाचलेलं नव्हतं, पण रामचंद्रपंत अमात्यांचं मतही साधारण तेच होतं. इतर सावकारांसारखे टोपीकर हे नुसते सावकार नव्हेत, त्यांना जपून असावं, समुद्रकाठी त्यांना वखारीला जागा देऊ नये, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे. समुद्रकाठी नको म्हणणारा माणूस बालेकिल्ल्यावर तरी कशाला येऊ देईल? आम्ही तडजोड काढली. खिडक्या रंगवून उरलेला भगवा-तांबडा ऑइलपेंट होता, त्यानं सगळे टोप रंगवून त्यांच्या पगड्या केल्या. वसुबारसेला फौज मोठी शोभिवंत दिसत होती. पण हे शिपाई पॉलिथिनचे, आणि पॉलिथिनवर रंग धरत नाही. तो वाळतो, कडक होतो आणि पापुद्र्यानं सुटतो. भाऊबीजेपर्यंत पगड्या गळून पडल्या, खालून टोपीकर पुन्हा वर आले, आणि आजी "मी म्हणतच होते" असं म्हणाली.

सगळेच शिपाई हिरवे किंवा खाकी नव्हते. कुठल्या तरी छोट्या कारखान्यात हातानं दांडा ओढून चालवायच्या मशिनवर ते निघत असावेत, आणि त्या दिवशी मशिनमध्ये जे प्लास्टिक पडलं असेल त्या रंगाचे होत. बादल्या, मग, साबणदाण्या वितळवून केलेले असणार. काही गुलाबी होते, काही पिवळे. एकाचं कमरेपर्यंत निळं आणि वर पांढरट असं मिश्रण उतरलं होतं. आमच्याकडे त्याची अडचण वाटली नाही. खाकी ते आपले. पिवळे आदिलशहाचे. गुलाबी मुघलांचे. निळा-पांढरा फितूर.

खरी अडचण होती ती प्रत्येक जण काय करतोय हे ठरवण्याची. उभा राहून नेम धरणारा, गुडघा टेकून नेम धरणारा, हे कळत होते. जमिनीवर आडवा पडून सरपटणारा होता, त्याला आम्ही पहारा संपवून दुपारची झोप काढणारा म्हणून गुहेच्या सावलीत ठेवत असू. एकाच्या खांद्यावर लांब नळी होती. तो नळवाला. गडावर टाक्यांचं पाणी असतं, नळ कशाला, असं कोणी विचारलं नाही. एकाच्या कानाला फोन होता. आमच्या अख्ख्या आळीत तेव्हा एकच फोन होता आणि तो डॉक्टरांकडे, त्यामुळे हा माणूस फार वरच्या हुद्द्याचा असला पाहिजे असं मानून त्याला थेट सिंहासनाशेजारी जागा मिळाली. आणि एक होता तो दोन्ही हातांत लांब दांडा धरून किंचित वाकलेला. दांड्याच्या टोकाला गोल चकती. तो झाडूवाला. दरबाराच्या समोरचं अंगण झाडायचं काम त्याच्याकडे होतं. मला शोधायचा आहे तो मुख्यतः हा.

आमच्या शेजारी एक सुभेदार राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत. सातारा जिल्ह्यात निवृत्त फौजी शेजारी असणं ही काही विशेष गोष्ट नाही. अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, जिथं घराघरातून माणूस फौजेत जातो. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ साली साताऱ्यातच निघाली. आमचे तात्या दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून आले होते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आंघोळ करून, पांढरं धोतर आणि काळी टोपी घालून ते आमच्या किल्ल्याच्या तपासणीला येत. हात मागे बांधून, एकेका शिपायासमोर थांबून. नळवाल्यापाशी ते नुसते हसले. फोनवाल्याला "ह्यो बरा ऱ्हायलाय" म्हणाले. झाडूवाल्यापाशी मात्र खाली बसले.

"ह्याला हितं कुणी ठिवला?"

"तो झाडतोय, तात्या."

"आरं, झाडतोय काय? सुरुंग हुडकतोय त्यो. ह्येला सगळ्यांच्या म्होरं ठिवायचा. ह्यो चालंल तिथनंच बाकीच्यांनी चालायचं."

मग त्यांनी तो उचलला, महादरवाजाच्या बाहेर, पायवाटेवर, एकट्यालाच नेऊन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. इटलीत जर्मन माघार घेताना नदीचे काठ, रस्ते, घरांची अंगणंसुद्धा सुरुंगांनी पेरून जात होते, हे मी पुढं वाचलं. सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ या दिवशी नामदेव जाधव या मराठा शिपायानं जखमी साथीदारांना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप आणलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हेही. तात्यांनी यातलं काही सांगितलं नाही. चकली खाल्ली, तिखट कमी झालंय म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर आम्ही सुरुंगवाल्याला पुन्हा दरबारात आणून झाडायला लावलं. पायवाटेवर त्याचा काय उपयोग? महाराजांच्या काळात कुठले आले सुरुंग?

वास्तविक हे उत्तर आमच्या डोक्यावरच उभं होतं. औरंगजेबानं १६९९ च्या अखेरीला अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये त्याच्या तोफखान्याच्या लोकांनी तटाखाली सुरुंग ठासले. पहिला उडाला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि लोकांनी उकरून काढले तेव्हा जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट आत न पडता बाहेर, वर चढायच्या तयारीत असलेल्या मुघल फौजेवरच कोसळला. त्यात सुमारे २,००० माणसं गेली असं सांगतात. त्याच महिन्यात किल्ला पडला आणि त्याचं नाव आजमतारा झालं. एकूण त्या वर्षी दोन्ही बाजूंना आमच्या झाडूवाल्याची निकड होती आणि तो पावणेतीनशे वर्षं उशिरा, मोती चौकात, चार आण्यांना मूठभर या भावात आला.

या वयात माणसं गुरू शोधतात, जमिनीत पैसे घालायला प्लॉट शोधतात, काही जण मूळ गोत्र आणि कुलदैवत शोधतात. मी शिपाई शोधायला लागलो. बायकोनं सुरुवातीला विचारलं, "अहो, मिळाले तर ठेवणार कुठं?" हा प्रश्न मला गैरलागू वाटला. प्लॉट शोधणाऱ्यांना असं कोणी विचारत नाही.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं ताडपत्रीवर काय नसतं? नळाच्या तोट्या, पंख्याची पाती, पितळी समया, बिनकाचेची घड्याळं, घड्याळाविना काचा. कुणाच्या तरी आजोबांचा कोट घातलेला फोटोसुद्धा फ्रेमसकट विकायला असतो, बहुधा फ्रेमसाठी. मी एकाला विचारलं, "जुने आर्मीवाले आहेत का?" त्यानं ताबडतोब आर्मीचे बूट काढले. मग दुर्बीण. मग बिल्ले. मग आवाज बारीक करून म्हणाला, "पॅराशूटचं कापडबी हाय, पर आज आणलं न्हाई." खेळण्यातले म्हटल्यावर त्याचा रस संपला. पण पलीकडच्यानं ऐकलं होतं. त्यानं बिस्किटांचा एक जुना चौकोनी डबा पुढे सरकवला. आत गोट्या, लुडोच्या सोंगट्या, कॅरमचा एक स्ट्रायकर, बिनाका टूथपेस्टबरोबर मिळायचे तसले प्लास्टिकचे दोन प्राणी, आणि तळाशी एक शिपाई.

गुलाबी. गुडघा टेकून नेम धरणारा. मी तो तळहातावर घेतला. दोन्ही बाजूंनी डोक्यापासून टाचेपर्यंत एक बारीक उंचवटा गेलेला. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं जास्तीचं प्लास्टिक बाहेर येऊन राहतं तो. आमच्यापैकी बरेच जण हा उंचवटा दातांनी कुरतडून काढत. पट्टीच्या खाली मधोमध एक ठिपका, प्लास्टिक साच्यात शिरलं ती जागा. कारखान्याचं नाव नाही, देशाचं नाव नाही. रायफल जराशी खाली वाकलेली, त्यामुळे नेम शत्रूच्या गुडघ्यावर. आणि तोंड नाही. टोपाखाली एक गुळगुळीत उतार, त्यात नाक असावं असा संशय. माझं वर्णन अगदी बरोबर होतं, आणि त्या क्षणी मला तो पोऱ्या तिथं हवा होता.

"ओरिजनल जुना माल आहे," विक्रेता म्हणाला. "आताचा नाही. आताचा लगेच मोडतो. हा बघा." त्यानं माझ्या हातातून शिपाई घेतला आणि त्याचा टिकाऊपणा सिद्ध करण्यासाठी रायफल वाकवली. जुनं पॉलिथिन उन्हानं आणि वर्षांनी ठिसूळ होतं. टक्‌ असा आवाज झाला. रायफल एका हातात, शिपाई दुसऱ्या. विक्रेता क्षणभरच गप्प बसला.

"दोन झाले," तो म्हणाला. "एकाच्याच भावात न्या."

मी नेले. घरी येऊन शोध घेत बसलो, की हा कोण. तेव्हा एकेक घराणं उलगडत गेलं. खेळण्यातल्या शिपायांचं राजघराणं म्हणजे इंग्लंडमधलं ब्रिटन्स. या कारखान्यानं १८९३ साली आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागलं, किंमत उतरली आणि घराघरात पलटणी उभ्या राहिल्या. त्यांची उंची ५४ मिलिमीटर, सव्वादोन इंचांना थोडीशी कमी, आणि तेच माप पुढं बरेच जण धरून चालले. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एका दुकानात मी असले शिशाचे लाल डगलेवाले पाहिले. दुकानदारानं ते काचेच्या कपाटातून काढतानाच माझ्या चपलांकडे पाहिलं आणि किंमत न सांगता परत ठेवले. माणसाची पारख असावी तर अशी.

चर्चिल यांच्याकडे लहानपणी असल्या शिपायांची दीड हजारांची फौज होती. सगळी एकाच बाजूची, आणि इंग्रज. शत्रुपक्ष धाकट्या भावाकडे, आणि त्याला तोफखाना ठेवायची परवानगी नव्हती. एके दिवशी वडील ही फौज बघायला आले, वीस मिनिटं बघत राहिले आणि तुला सैन्यात जायला आवडेल का, असं विचारलं. चर्चिलना वाटलं, वडिलांना आपल्यातला सेनापती दिसला. पुढं कळलं, की हा वकिलीच्या कामाचा नाही, एवढंच त्यांना दिसलं होतं. आमच्या वडिलांनी किल्ला बघून दिलेला करिअरविषयक सल्ला इतकाच होता, की पाय धुऊन घरात या.

प्लास्टिकची वंशावळ तुलनेनं अलीकडची. अमेरिकेत बर्गन टॉय नावाच्या कंपनीनं १९३८ साली प्लास्टिकचे शिपाई काढले. महायुद्धानंतर लुई मार्क्स यांच्या कारखान्यातून ते पोत्यानं बाहेर पडू लागले, हिरव्या रंगाचे, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पायदळाच्या वेषातले. इंग्लंडात एअरफिक्सनं १९५९ पासून इंचभराचे शिपाई डबीत भरून विकायला सुरुवात केली. मग हाँगकाँगच्या कारखान्यांनी या सगळ्यांच्या नकला काढल्या. नक्कल करणं सोपं होतं : तयार शिपाई घ्यायचा, त्याच्यावरून साचा करायचा. पण प्लास्टिक थंड होताना थोडं आकसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान येते. नकलेची नक्कल आणखी लहान. दर पिढीला बोटं जुळत जातात, बटणं पुसट होतात, रायफल जाड होते, आणि पहिल्यांदा जातो तो चेहरा. माझा गुलाबी शिपाई या वंशात कितव्या पिढीचा, हे सांगायला कोणी भाट उरलेला नाही. पण जुन्या अमेरिकन शिपायांची चित्रं शेजारी ठेवली आणि गुडघा तसाच, पाठीवरची पिशवी तशीच. मुघल म्हणून आम्ही ज्याला दर दिवाळीत बुरुजावरून ढकलून देत होतो, तो नॉर्मंडीला निघालेला अमेरिकन होता. आजीचं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. फौज टोपीकरांचीच होती. फक्त आम्ही समजत होतो त्यापेक्षा फार लांबून आलेली.

त्याच चित्रांमध्ये झाडूवालाही सापडला. वाकलेला, दांडा, चकती, कानाला यंत्राची टोपणं. म्हणजे कानांवरची ती टोपणं आमच्यापर्यंत पोचेतो झिजून गेली होती. ती असती तर आम्ही त्याला झाडायला लावलं नसतं, त्यालाही फोनवाला केलं असतं. मी उत्साहानं ताईला फोन केला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि किल्ल्यावर कायम शत्रूची सेनापती. तोफखाना मात्र तिच्याकडेच असायचा, कारण तोफ तिनं स्वतःच्या पैशानं घेतली होती.

"कुठला झाडूवाला?" ताई म्हणाली. "तो डीडीटीवाला होता."

"डीडीटीवाला?"

"अरे, मलेरियाची फवारणी करायला यायचे ते नाही का, हातात नळी घेऊन? भिंतीवर तारीख लिहून जायचे. त्यांच्यातला तो. मी त्याला तुमच्या गडाच्या भिंतींवरून फिरवायची आणि तुमचे सगळे शिपाई बेशुद्ध पाडायची. तू रडायचास."

यातलं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण एवढ्यात तिनं मला ऐकवलं, की तुमच्या त्या फौजेत एकही बाई नव्हती. मी तिला सांगितलं, की हीच तक्रार २०१९ साली अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीनं पत्र लिहून कारखानदारांकडे केली, आणि बीएमसी टॉइज या कंपनीनं ती मनावर घेऊन बायका-शिपायांचा संच काढला. "मी पन्नास वर्षांपूर्वी केली होती तक्रार," ताई म्हणाली, "तू म्हणालास, हिरकणी आहे ना." आमच्याकडे हिरकणी होती, हे खरं. कपड्याच्या चिमट्याला चिंधी गुंडाळून केलेली. ती कड्यावरून उतरण्याच्या नादात दर वर्षी खंदकात पडायची.

भाचा न्यू जर्सीला असतो. त्याला माझ्या या उद्योगाची बातमी अर्थातच ताईकडून लागली. तो डिसेंबरात आला तेव्हा बॅगेतून एक फुगीर पिशवी काढून माझ्या मांडीवर टाकली. "मामा, हे घे शंभर. तिकडं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात." तिकडं कोपऱ्यावर मिळतात! २०१४ साली त्यांनी या हिरव्या शिपायांना न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या संग्रहालयात मानाच्या यादीत नेऊन बसवलं, आणि तरी ते कोपऱ्यावर मिळतात. पिशवी ओतली. सगळे हिरवेगार, नवेकोरे, तोंडं असलेले. खूप असलेले. नाक, हनुवटी, कपाळावरची आठीसुद्धा. सुरुंगवाले तर ढीगभर निघाले, प्रत्येकाच्या कानावर टोपणं शाबूत. मी त्यांना टीपॉयवर रांगेनं उभं केलं. बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढे झाडणारे आले, आता हॉल तरी स्वच्छ राहील."

गुलाबी त्यांच्याशेजारी ठेवला तेव्हा तो सगळ्यांच्या खांद्याइतका भरला. रायफल डिंकानं चिकटवली होती, नेम आता शत्रूच्या पावलांवर. मला त्या हिरव्यांबद्दल काही राग नाही. चांगले शिपाई आहेत. पण एवढ्या स्पष्ट चेहऱ्याच्या माणसाला आपण आदिलशहाचा कसा म्हणणार? तो लगेच नाही म्हणेल असं वाटतं.

पुढच्या दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या मुलांनी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करायला घेतला. आजकाल रस्त्याकडेला तयार किल्ले विकत मिळतात. या मुलांनी मात्र माती कालवली होती, म्हणून मी माझी शंभर जणांची मदत त्यांच्या हवाली केली. मुकादमपण चौथीतल्या एका मुलीकडे होतं. तिनं शिपायांची पिशवी उलटी केली आणि धान्य निवडावं तशा सराईतपणे वाटण्या सुरू केल्या. आडवे पडलेले कड्यावर, "हे चढतायत." नळीवाले बुरुजांवर, "हे रॉकेट लाँचर." सुरुंगवाला हातात आल्यावर मी सरसावून बसलो. तात्यांचं सांगणं, ताईचं डीडीटी, माझा झाडू, अजिंक्यताऱ्याचा वेढा, सगळं एका दमात सांगायची तयारी होती.

"हे सिक्युरिटी," ती म्हणाली आणि सगळे सुरुंगवाले महादरवाजाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं लावले.

"अगं, ते सुरुंग शोधतात."

"तेच ना काका. मॉलच्या दारात असतात, बॅग चेक करणारे." तिनं मातीचा एक हत्ती दरवाजापुढे आणून थांबवला. मागे दोन उंट, एक बैलगाडी आणि कुणाच्या तरी घरची लाल रेसिंग कार. "सगळ्यांचं चेकिंग झाल्याशिवाय आत सोडायचं नाही."

रांग वाढत होती. शेवटी एका मुलानं महाराजांना घोड्यावरून आणलं आणि रांगेच्या मागं उभं केलं.

"महाराजांचंपण चेकिंग?" मी विचारलं.

मुकादमीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे, आणि वैतागून म्हणाल्या, "ए, त्यांना लाइनीत काय लावतोस? गड त्यांचाच आहे ना!"